उभ्या उभ्या पाठलाग

भिवंडीतला वादळवेडा ओळखायला सोपा. मे महिन्यात उकाड्याने अख्खं गाव घामाघूम होऊन आभाळाच्या नावाने बोटं मोडत असताना एकट्या याचा चेहरा खुललेला असतो. दिवसा गोदामात डिस्पॅच बघतो, पण एक डोळा मोबाइलवरच्या रडारवर. "आज पाचपर्यंत नक्की येतोय," असं त्याने फोनवर म्हटलं की आई चहाचं आधण वाढवते; येणारा पाहुणा ढग असतो, हे तिला साडेपाचला कळतं. कॅमेऱ्याला रेनकोट म्हणून साडीच्या दुकानातली कॅरीबॅग, रबरबँड लावून. लेन्स पुसायचं कापड मात्र ऑनलाइन मागवलेलं, कारण कापडाच्या या गावात यंत्रमागावरून निघतं ते ग्रे कापड, त्यात खळ, आणि खळीचं कापड लेन्सला चालत नाही. ते मऊ फडकं चार किलोमीटरवरच्या गोदामातून निघून कुठे कुठे हिंडून तीन दिवसांनी घरी पोचतं. मामा विचारतात, "ढगांचे फोटो काढून काय मिळतं? लग्नाचे काढ, हातात चार पैसे तरी येतील." यावर तो आभाळाकडे बघतो. उत्तर तिथे नसतं, पण तेवढ्यात मामा दुसऱ्या विषयाकडे वळतात.

याच्यावरचा पहिला आरोप नकलेचा. १९९६ साली 'ट्विस्टर' हा वादळाचा पाठलाग करणाऱ्यांवरचा सिनेमा आला, तो कुठेतरी बघितला आणि पोरगं बिघडलं, असं लोक म्हणतात. आरोपात तथ्य असतं तर बरं झालं असतं, कारण नक्कल निदान जमायला हवी. अमेरिकेत ओक्लाहोमाकडे जमीन सपाट, रस्ते वहीवरच्या चौकटींसारखे. ढग डावीकडे वळला की गाडी डावीकडे घ्यायची. इथे गाडी माणकोलीला अडकते. पुढे ट्रक, मागे कंटेनर, आणि ज्याचा पाठलाग चालू आहे तो ढग डोक्यावरून बिनधास्त ठाण्याकडे. म्हणून भिवंडीच्या वादळवेड्याने पाठलागाचा अर्थच बदलला आहे. तो जागेवर उभा राहतो आणि ढगाला येऊ देतो. वाट कुठे आणि किती वाजता बघायची, एवढंच त्याचं कसब, आणि ते ओक्लाहोमातून आणता येत नाही. खाडीवरून येणारी दमट हवा तापलेल्या जमिनीवरून सह्याद्रीपर्यंत पोचते, वर चढते, आणि दुपारनंतर शहापूर-मुरबाडच्या अंगाला ढगाचा मनोरा उभा राहतो, पार बारा-तेरा किलोमीटर उंच. ऑक्टोबरात वरचा वारा पूर्वेकडून वाहू लागला की तोच मनोरा संध्याकाळी भिवंडीच्या दिशेने सरकतो. हे ज्याला कळलं त्याला गाडी लागत नाही. उगवतीकडे तोंड केलेली गच्ची पुरते. खरं तर हा हॉलिवूडचा चेला नाहीच. पंचांग उघडून यंदा मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा, यावरून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या आजोबांचाच हा नातू. वाहन तेवढं बदललं: आता ते उपग्रहाच्या चित्रात दिसतं.

गंमत अशी की, ज्याला लोक पावसाचा वेडा समजतात त्याला पावसाळ्यात काम नसतं. जुलैचं आभाळ म्हणजे एकसारखी राखाडी चादर. ना कड, ना उंची, ना वीज. कामवारीचं पाणी चढतं, तीनबत्तीचा भाजीबाजार तुंबतो, आणि हा घरात बसून लेन्सवर चढलेली बुरशी बघत हळहळतो. त्याचा हंगाम वळवाचा आणि परतीच्या पावसाचा. बाकी वर्षभर तो प्रवासी छायाचित्रकार असतो, म्हणजे माळशेजच्या त्याच धबधब्यापुढे त्याच दोनशे जणांत तोही.

दुसरा आक्षेप जिवाचा, आणि तो मला मान्य आहे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रिनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नॅडोत टिम समारास गेला, मुलगा आणि सहकारी यांच्यासह. तो हौशी नव्हता; वादळांचा अभ्यास करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तेव्हा गच्चीवर ट्रायपॉड उघडून स्वतःच परिसरातली सर्वांत उंच वस्तू होणं, याला शौर्य म्हणता येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं. शिवाय हिशोब जुनाच: वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर, आणि तीस सेकंदांच्या आत आलं की खाली. मुरलेला वादळवेडा जिन्याच्या खिडकीतून फोटो काढतो. फोटोत आडवी केबल आणि शेजारचा मोबाइल टॉवर येतो खरा, पण फोटो दाखवायला तो उरतो.

तिसरा आक्षेप जास्त टोचतो: लोकांच्या डोक्यावरचे पत्रे उडतात आणि याला फ्रेम दिसते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपल्या. एक पिढी लागते ती बाग पुन्हा उभी राहायला. त्या दिवशी आमच्या माणसाची हळहळ, टाळेबंदीत आपण अडकलो आणि वादळ तिकडे गेलं याचीच होती, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्याचा कॅमेरा वर असतो. पडलेल्या घराकडे पाठ करून सेल्फी काढणारा वेगळा, आणि तशांना ढगाचं नावही माहीत नसतं. वाट बघणाऱ्याला निदान वादळ येताना दिसतं. शेजारणीच्या गच्चीवरचे पापड वेळेत उतरतात ते त्याच्याच ओरडण्यामुळे.

ढग खरोखर आला म्हणजे काय होतं, ते बघण्यासारखं असतं. आधी लाइट जाते. गल्लीतले माग एकेक करून थांबतात आणि दिवसरात्र खटखटणाऱ्या भिवंडीत अचानक शांतता पसरते. कारागीर दारात येतात, कुणी विडी पेटवतो. वीज चमकते. जिन्याच्या खिडकीत हा पुटपुटतो: एक, दोन, तीन... अकरा, बारा. तेवढ्यात लाइट येते, सगळे माग एकदम सुरू होतात, आणि गडगडाट झाला की नाही, हे तो खाली विचारत येतो.