पोपटाचे आप्पा

रत्नागिरीला स्थानबद्धांची जुनी सवय आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणलं. 1910 साली त्याचा राजवाडा उभा राहिला आणि 1916 साली तो इथेच वारला. सावरकर 1924 ते 1937 इथे होते. हल्ली आफ्रिकन ग्रे पोपट येतो. फरक इतकाच, की आता पिंजऱ्यातला मोकळा असतो आणि स्थानबद्ध होतात ते आप्पा.

आप्पांनी पोपट मागितलेला नसतो. पुण्यातला मुलगा हौसेने घेतो, मग त्याची बदली परदेशात होते आणि राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा पाहुणा रातराणी गाडीने रत्नागिरीला उतरतो. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं मुलगा म्हणतो. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो, हे तो म्हणत नाही.

महिन्याभरात आप्पा तज्ज्ञ होतात. मांडवीच्या जेट्टीवर भेटेल त्याला थांबवून सांगतात, "नुसतं सूर्यफुलाचं बी घालाल तर लिव्हर जाईल त्याचं. शेवग्याचा पाला घाला, गाजर घाला. मिरची बिनधास्त घाला, पक्ष्यांना तिखट लागत नाही." ॲव्होकॅडो विषारी, हेही बजावतात. समोरच्याने आयुष्यात ॲव्होकॅडो पाहिलेला नसतो, पण तो मान डोलावतो. शेजाऱ्याकडे हिरवा देशी पोपट दिसला तर आप्पा 1972 चा वन्यजीव कायदा काढतात; तो पाळणं गुन्हा आहे. स्वतःच्या पोपटाची त्यांनी 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली असते. घराच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे.

हेच आप्पा एप्रिलात वाडीत उभे राहून कलमांवर आलेल्या रानपोपटांना पत्र्याचा डबा बडवून पिटाळतात आणि घरी येऊन याला हापूसची फोड भरवतात, कोय काढून. नातवाला साल काढून कधी दिलेली आठवत नाही.

काकूंचं काय होतं, ते कोणी विचारत नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो, म्हणून तो बाद झाला. घावनं पुन्हा बिडाच्या तव्यावर आली. (ही एक गोष्ट मात्र पोपटाने बरी केली. घावनं आधीपेक्षा चांगली होतात, हे काकूही खासगीत कबूल करतात.) पक्ष्याला दहा-बारा तास अंधारात झोप लागते, म्हणून साडेसातला टीव्ही बंद. मालिकेतली सून शेवटी नांदली की नाही, हे त्यांना शेजारणीकडून कळतं.

आणि शिट्ट्या! ग्रे पोपट आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. मोबाइल वाजला म्हणून आप्पा तीनदा उठतात, पण खरी गंमत कुकरची. काकू तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करतात, त्यातल्या दोन पोपटाच्या असतात. डाळ दाताखाली येते. "हा मेला माझ्या स्वैपाकाच्या मुळावर उठलाय," असं काकू म्हणतात. आप्पा डाळ चावत म्हणतात, "हुशार आहे हो."

मे महिन्यात या घरी जाऊ नये. पोपट बाहेर असला की पंखा बंद, नाहीतर पात्यात सापडायचा. पाहुणे कोकम सरबत पितात तेवढंच घामावाटे बाहेर येतं, आणि पोपट एकेकाच्या डोक्यावर बसून केस विंचरतो. टक्कल असलेल्याला आप्पा आधीच टोपी देतात.

हल्ली आप्पांना काळजी लागली आहे ती वारसाची. हिशेब साधा आहे: ते सत्तरीचे, पोपट सहाचा. वाडीतल्या कलमांसाठी भावकी वीस वर्षं कोर्टात भांडते आहे, एकेका झाडाला चार चार हिस्सेदार आहेत. पोपटावर मात्र कोणी हक्क सांगत नाही. मुलाला विचारलं, तर व्हिडिओ कॉल नेमका तेव्हाच तुटतो. शेवटी आप्पांनी जाहीर केलं, जो पोपट सांभाळील त्याला विहिरीकडची दोन कलमं.

पुतण्याने निरोप पाठवलाय: कलमं हापूसची आहेत की पायरीची?