सेफ्टीवाले काका

भिलाईच्या दर सेक्टरात एक तरी सेफ्टीवाले काका असतात. आमचे काका स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागातून निवृत्त झाले ते फक्त प्लांटपुरते. घरची ड्यूटी चालूच आहे. रात्री गॅसचं बटण ते स्वतः बघतात, मग काकूंना बघायला लावतात, मग काकूंनी नीट बघितलं का ते बघतात. नागपूरला जायचं तर दुर्ग स्टेशनवर दीड तास आधी हजर. ‘गाडी लेट झाली तर चालेल, आपण नको.’ अंगणात वाळूच्या लाल बादल्या, जिन्याखाली दोन शिड्या. शिडी मागितलीत तर देतात, पण रजिस्टरमध्ये सही घेऊन.

या माणसाला भाच्यानं ब्रुसेल्सहून एका चित्राची प्रत पाठवली. पीटर ब्रुगेलनं ख्रिस्ती परंपरेतले सात सद्गुण बायकांच्या रूपात काढले होते. अँटवर्पच्या हिरोनिमस कॉकनं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापले. भाच्यानं पाठवली ती ‘दूरदृष्टी’. बाईच्या डोक्यावर चाळणी, हातात आरसा, पायाखाली शिड्या, शेजारी आग विझवायच्या बादल्या! आजूबाजूला कुणी मांस खारवून ठेवतंय, कुणी घराची डागडुजी करतंय. काका बराच वेळ बोललेच नाहीत. इतकं समजून घेणारं त्यांना घरातही कुणी भेटलं नव्हतं.

‘साल बघ, १५५९! आपली पहिली भट्टी पेटली १९५९ला. चारशे वर्षं आधीचं सेफ्टी पोस्टर!’ छापताना पत्रा आणि कागद रुळांमधून दाबून काढतात हे कळल्यावर तर काका त्या छपाईला रोलिंग मिलच म्हणू लागले.

मग उरलेली सहाही चित्रं मागवली. आता गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्यालाही इन्स्पेक्शन करूनच सुटका. ‘धैर्या’च्या डोक्यावर ऐरण आहे. ‘ऐरण घेतली, हेल्मेट नाही!’ ‘आशा’ खवळलेल्या समुद्रात नांगरावर उभी. लाइफ जॅकेटचा पत्ता नाही. ‘न्याया’च्या डोळ्यांवर पट्टी आणि हातात उघडी तलवार, म्हणजे शुद्ध अनसेफ अ‍ॅक्ट. ‘संयमा’च्या डोक्यावर घड्याळ, तोंडात लगाम. इथं स्वयंपाकघरातून हमखास आवाज येतो, ‘तो लगाम कुठं मिळतो, विचारा भाच्याला.’

देवघराशेजारी ही चित्रं कशाला, असं एकानं विचारलं. काका तयारच होते. १५८०मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं बायबल भेट दिलं. त्यातल्या अशाच एका रूपकातल्या बाईवरून दरबारी चित्रकार बसावननं चित्र काढलं. ‘बादशहाला चाललं, तुम्हाला चालत नाही?’

परवा त्यांनी मला ‘दूरदृष्टी’जवळची शवपेटी दाखवली. ‘बघ, तिचीही तयारी आहे.’ आणि कपाटातून स्वतःची फाइल काढली. विमा, पीएफ, नॉमिनी, दहाव्याला किती पानं, चहात साखर किती. शेवटच्या पानावर ‘ताबडतोब कळवायच्या व्यक्ती’. पहिलं नाव माझं! मला भरून आलं. कारण विचारलं.

‘तुझ्याकडे आमची शिडी आहे ना,’ काका म्हणाले.