राक्षस, पुण्याई आणि चौथी सीट

डोंबिवलीहून सकाळी सव्वाआठच्या सुमारास फास्ट लोकलमध्ये शिरणाऱ्या माणसाला अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय, हे कुणी समजावायला जाऊ नये. तो हा खेळ रोज खेळतो, पैसे फक्त पास काढताना भरतो. गाडी पुरती थांबायच्या आत आत घुसणं, खांद्याने वाट काढणं, बॅग पोटाशी घेऊन अर्ध्या सेकंदात डावं की उजवं ठरवणं ही झाली मनगटाची बाजू. पण नुसत्या मनगटावर मुलुंडपर्यंतसुद्धा टेकायला मिळत नाही. त्याला वर्षानुवर्षं साठवलेली पुण्याई लागते. कुठला दरवाजा फलाटावर कुठे येतो, कोणता ग्रुप आपल्याला सरकून घेतो, खिडकीतले काका ठाण्याला उठतात की घाटकोपरला, आणि गरज पडली तर उलटं कल्याणला जाऊन तिथूनच बसून यायचं, हे सगळं या खात्यात जमा असतं. मनगट आणि पुण्याई यांच्या रोजच्या भांडणातून शेवटी तिघांच्या बाकावर टेकण्यापुरतं जे हाती लागतं, त्याला चौथी सीट म्हणतात. या जातीच्या व्हिडिओ गेमची सगळी गंमत याच भांडणात आहे, असं माझं म्हणणं आहे. दोघांपैकी एकजण कायमचा जिंकला की खेळ मेला, मग त्यातले डोंगर आणि ड्रॅगन कितीही देखणे असोत.

या प्रकाराची जन्मकथाच माझ्या बाजूने साक्ष देते. १९९६ च्या अगदी शेवटी आलेला 'डायब्लो' मुळात पाळीपाळीने खेळायचा ठरला होता. आधी तुम्ही सांगाड्याला मारायचं, मग सांगाड्याने तुम्हाला, दोघांचाही कारभार सभ्य. त्याचा निर्माता डेव्हिड ब्रेव्हिक याचा वेळ न थांबता पळू देण्याला विरोध होता. सहकारी आणि ब्लिझार्ड कंपनी मागे लागल्यावर त्याने एका दुपारी प्रोग्रॅम बदलून पाहिला, माउसची कळ दाबली, आणि सांगाडा तिथल्या तिथे कोसळला. त्या क्षणी विरोध संपला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, आकडे कुठे गेले नाहीत. शक्ती, चिलखत, तलवारीची धार ही सगळी हिशेबाची वही तशीच राहिली. फक्त वहीला आता बोटाची वाट पाहावी लागू लागली आणि बोटाला वहीची.

पुण्याई एकतर्फी जिंकली तर काय होतं, हे त्याच घराण्यातल्या 'डायब्लो ३'ने २०१२ मध्ये दाखवून दिलं. त्यात लिलावघर होतं. राक्षस मारून जी तलवार महिनोन्‌महिने मिळत नव्हती, ती तिथे विकत मिळायची, अगदी खऱ्या पैशांतसुद्धा. सोय झाली, गर्दी झाली आणि गंमत गेली. तलवार बाजारात मिळत असेल तर राक्षसाच्या वाटेला जायचं कशाला? शेवटी कंपनीनेच कबूल केलं की या दुकानाने खेळाच्या गाभ्यालाच हात घातला, आणि मार्च २०१४ मध्ये ते बंद केलं. धंदा बंद करून मजा वाचवण्याचा प्रकार दुर्मीळ, म्हणून तो पुरावा मी मोठा मानतो. पुढे २०२२ मध्ये मोबाइलवर 'डायब्लो इमॉर्टल' आला, त्यात पैसे मोजून बळ वाढवण्याची सोय परत शिरली. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तर तिथल्या कायद्यांमुळे तो आणलाच नाही. लोकलने हा पेच अधिक न्यायाने सोडवला आहे: फर्स्ट क्लासचा पास काढणाऱ्यालाही ती उभंच ठेवते.

उलट पुण्याईला किंमतच उरली नाही तर? २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये तुमची पातळी वाढली की अख्ख्या जगाची वाढायची. तुम्ही घाम गाळून थोर योद्धे व्हावं, तर रस्त्यावरचा भुरटा वाटमारेकरी हजारोंचं चिलखत अंगावर घालून उभा, आणि मागणार काय, तर शंभर मोहरा! अरे बाबा, ते चिलखत विक आणि निवांत जग. खेळ एरवी सुंदर होता, पण कष्टाने काहीच हलत नाही ही भावना तिथे पाठ सोडत नाही. आपल्याकडे नऊ डब्यांची गाडी बाराची झाली, बाराची पंधराची झाली, ठाणे-दिव्यामध्ये २०२२ साली पाचवी-सहावी लाइन आली, आणि प्रत्येक वेळी गर्दीने आपली लेव्हल इमाने वाढवून घेतली. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ऑब्लिव्हियनचं दुःख वेगळं सांगायला नको.

माझ्या मते हा तराजू सर्वांत नीट धरला तो जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने, २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये आणि त्याहून सरस २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये. इथे मेलात तर साठवलेली पुंजी मेल्या जागी पडते. ती उचलायची एकच संधी, वाटेत परत मेलात की कायमची गेली. म्हणजे पुण्याई आहे, पण ती मनगटाकडे गहाण. आणि मनगट कमी पडलं तर? एल्डन रिंगमध्ये किल्ल्याच्या तोंडाशी मार्गिट नावाचा राक्षस हातात लाठी घेऊन उभा असतो आणि नवख्यांना अगदी निर्दयपणे झोडपतो. पण त्याच्याशीच डोकं आपटत बसण्याची सक्ती नाही. घोडा वळवा, दुसरीकडे हिंडा, थोडं बळ जमवा आणि परत या. ज्यांना पुण्याई नको असे काही महाभाग एकही पातळी न वाढवता सगळा खेळ संपवतात. दोघांनाही दार उघडं आहे. पहिल्या वर्षातच त्याच्या २ कोटींवर प्रती खपल्या, त्या काही केवळ मार खाण्याची आवड असणाऱ्यांनी घेतल्या नसाव्यात.

यावर पहिला आक्षेप 'द विचर ३'चे भक्त घेतात, आणि तो वजनदार आहे. २०१५ च्या या पोलिश खेळात तलवारबाजी यथातथाच, आकडेही कुणी फार मनावर घेत नाही, तरी लोक त्यावर जीव टाकतात. कशासाठी? गोष्टीसाठी. मान्य. पण त्या गोष्टीतसुद्धा संचित आहेच, फक्त ते निर्णयांचं आहे. झाडाखाली अडकलेल्या एका जिवाला सोडायचं की मारायचं, हे तुम्ही पटकन ठरवून मोकळे होता, आणि त्याची वसुली दारुड्या सरदाराच्या घरात भलत्याच वेळी होते. शिवाय त्याच खेळात मुलगी हरवलेला नायक गावोगाव पत्ते कुटत बसतो आणि खेळणारे तासन्‌तास मुलीचं नावही काढत नाहीत. लोकलमधल्या पत्त्यांच्या ग्रुपला यात वावगं काही दिसणार नाही.

दुसरा आक्षेप घरच्या वडीलधाऱ्यांचा: पुन्हा पुन्हा मरण्यात कसली आलीये करमणूक? इथे मात्र माझी लोकलची तुलना संपते आणि संपायलाच हवी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली आणि गेली. त्यांना परत उठायला 'डार्क सोल्स'मधल्यासारखी कुठली शेकोटी नव्हती. खेळातलं मरण मात्र शिकवणीच्या फीसारखं आहे. आपण घाई केली, ढाल उशिरा उचलली, हे लगेच दिसतं, आणि पुढच्या खेपेला सुधारताही येतं. चूक कुणाची हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

आपल्याकडचा जवळचा नमुना म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी'. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही त्यांनी तो तडीस नेला, याचं कौतुकच आहे. राजस्थानी महाल, पहाडी शैलीची चित्रं, हरवलेल्या भावाला शोधणारी त्रिशूळधारी मुलगी, हे सगळं पाहत राहावं असं. पण तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर जातीचा, थोडक्यात संपणारा. हत्यारांची धार जेमतेम वाढते तोच निरोपाची वेळ येते. पुण्यात घडलेल्या खेळात नेमकी पुण्याईच कमी पडावी, हे डोंबिवलीकराच्या नजरेतून सुटणार नाही.

तेव्हा माझा निकाल असा: पहिला एल्डन रिंग, दुसरा १९९६ चा जुना डायब्लो, आणि ज्यांना गोष्ट हवी त्यांनी विचर. ऑब्लिव्हियन फक्त वाटमारेकऱ्याला भेटण्यापुरता. आणि खेळायचं ते घरी बसून. या खेळांना दोन्ही हात लागतात, आणि दिव्यापासून पुढे एक हात कडीला हवाच.