भिंतीपलीकडचे सहकारी

ज्यांचे स्नेही ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतापासून घानातील न्सुताच्या खाणीपर्यंत विखुरलेले आहेत, परंतु ज्यांस भिंतीपलीकडे राहणाऱ्या गृहस्थांचे नाव आठवावयास क्षणभर कपाळावर बोट टेकावे लागते, असे संशोधक हल्ली गावोगावी एखाददुसरे तरी आढळतातच. आणि भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तहसिलीत वसलेले नाकाडोंगरी या बाबतीत मागे राहिलेले नाही. तेथील अशा संशोधकास गाव गुरुजी म्हणते.

भूगोलाच्या अध्यापनातून निवृत्त होताच गुरुजींनी उर्वरित आयुष्य गोंडाइट नामक खडकाच्या चरणी अर्पण केले. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा बनलेला हा खडक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्मर साहेबांनी मध्यप्रांतातील गोंडांवरून त्याचे नामकरण केले, आणि त्यांचा मँगनीजवरील बृहद्ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणी याच तहसिलीत असल्यामुळे दगडांस तोटा नव्हता. तोटा होता तो श्रोत्यांचा. गुरुजींनी 'गों' एवढा उच्चार करताच घरची मंडळी चुलीवरचे दूध उतू चालल्याचे निमित्त करून आत जात. पुण्यातील विद्वानांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापून समोरासमोर वाद घालण्याची सोय करून घेतली. गुरुजींच्या नशिबी ती सोय आंतरजालाने आणली.

मग काय विचारता! संशोधकांस ओळख म्हणून मिळणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक त्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणे चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगला. रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर नाव दाखल करताना 'विभाग' या रकान्यात त्यांनी स्वतःचाच एक विभाग निर्माण केला, आणि या आठवड्यात आपल्या विभागात सर्वाधिक वाचले गेलेले संशोधक आपणच, असा खलिता येताच गल्लीत पेढे वाटले. त्या विभागात दुसरे मनुष्यच नाही, ही क्षुल्लक बाब विचारात घेण्याचे कोणासही कारण पडले नाही.

ब्राझीलचे घड्याळ आपल्यामागे साडेआठ तास चालते. तिकडील प्राध्यापक सायंकाळी सहाला मोकळे होतात तेव्हा नाकाडोंगरीत रात्रीचे अडीच वाजलेले असतात, आणि गुरुजी हातात बॅटरी घेऊन, जेथे नेटवर्क कृपाळू होते अशा गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे असतात. न्सुताच्या मित्राच्या गुडघेदुखीची चौकशी दर सोमवारी न चुकता रवाना होते. घरातील गुडघे मात्र अद्याप अप्रकाशित आहेत.

एकदा घानाच्या मित्राने पृच्छा केली की, उपकरणावाचून, केवळ हाताने, मऊ आणि कठीण मँगनीज धातुक कसे वेगळे काढावे. गुरुजींनी तीन खंडांकडे विचारणा केली, उत्तरांच्या प्रतीक्षेत अंगणात येरझारा घातल्या, आणि त्या ऐन वेळी भिंतीवरून एक हात पुढे आला. तो शेजारच्या मामाजींचा होता, ज्यांची उमर खाणीत दगड निवडण्यात गेली होती. त्यांनी गुरुजींच्या हातातील नमुना घेऊन अंगठ्याने घासला आणि काळा झालेला अंगठा दाखविला.

"बोट काळं करते तो मऊ, न करते तो कडक. तुमच्या बॅटरीच्या सेलमधी हाच माल जाते. यासाठी घानावाल्याले कायले तरास देता, गुरुजी?"

गुरुजी क्षणभर स्तब्ध झाले. मात्र संशोधनाच्या शिष्टाचारास त्यांनी बाध येऊ दिला नाही. 'एका ज्येष्ठ क्षेत्रतज्ज्ञाशी झालेले वैयक्तिक संभाषण' असा हवाला देऊन त्यांनी उत्तर त्याच रात्री धाडले. तिन्ही खंडांतून अभिनंदन आले, आणि त्यासोबत या तज्ज्ञास आपल्या मंडळात तात्काळ सामील करून घ्यावे, असा आग्रहही आला. त्यानुसार मामाजींच्या नातवाच्या मोबाइलवर रीतसर निमंत्रण गेले, त्याचा रीतसर स्वीकार झाला, आणि एकाच भिंतीस दोन बाजूंनी पाठ टेकून बसणारे दोन गृहस्थ एकमेकांचे आंतरराष्ट्रीय सहकारी बनले.

आता काही शंका आली की गुरुजी गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जाऊन 'सन्माननीय सहकारी' या मायन्याने सविस्तर प्रश्न लिहितात. खाली नातू तो मोठ्याने वाचून दाखवितो. मामाजी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारून तेथूनच, भिंतीवरून, दोन वाक्यांत उत्तर देतात, आणि गच्चीवरून गुरुजींचा करारी हुकूम सुटतो, "तोंडी कैफियत ग्राह्य नाही, मामाजी, लेखी पाठवा!"