बारमाही बिऱ्हाड: महाबळेश्वरी मुक्कामाची शास्त्रोक्त पद्धत

शाळेत आपल्याला तीन ऋतू शिकवतात. पंचांगात सहा असतात. महाबळेश्वरात चार असतात: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि सीझन. पहिल्या तिघांचा संबंध ऊन, ढग, वारा असल्या गोष्टींशी आहे. चौथ्याचा संबंध कॅलेंडरातल्या लाल तारखांशी. बाहेर धुकं आहे की ऊन, याच्याशी सीझनला काही देणंघेणं नसतं. शुक्रवारी सुट्टी आली की तो उगवतो आणि सोमवारी सकाळी दहाला खोल्या रिकाम्या झाल्या की मावळतो. या चौथ्या ऋतूचं ज्ञान नसलेल्यानं पसरणीचा घाट चढू नये.

हे ज्ञान आम्ही पदरचे पैसे मोडून मिळवलं आहे. एकच बंगला, चार ऋतू, चार मुक्काम, अशी ही योजना. कल्पना भावोजींची. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरात प्रत्येक गोष्टीची योजना होते. चारही मुक्कामांचं बुकिंग एकदम केलं तर घाऊक भाव मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. मिळालाही. तो कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी स्थळाविषयी. तळ्याकाठचं डोंगरी गाव हवं असेल तर आपल्याकडे वेण्णा लेकला पर्याय नाही. गाव साडेचार हजार फुटांवर. तळं मात्र निसर्गानं दिलेलं नाही. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी गावाला पाणी मिळावं म्हणून १८४२ साली ते बांधून घेतलं. म्हणजे ज्याच्या काठावर आपण भाजलेलं कणीस धरून फोटो काढतो, ती मुळात गावाची पाण्याची टाकी. त्याला तळं किंवा तलाव म्हणू नये, पत्ता सापडत नाही. ‘लेक’च म्हणावं. आमच्या आत्यानं पाटी वाचून विचारलं, “वेण्णा कुणाची लेक रे?” नदीच्या बाबतीत प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी सांगितलं, इथेच उगम पावते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. “म्हणजे हे माहेर,” आत्या म्हणाली, आणि चारही मुक्कामांत ती लेककडे त्याच नजरेनं बघत राहिली.

आता बंगला. भाड्याच्या बंगल्याची एक स्वतंत्र भाषा आहे, ती फोनवर ऐकून घ्यावी लागते. ‘वॉकिंग डिस्टन्स’ म्हणजे चालत जाता येतं. परत येताना चढ असतो, त्याचं अंतर कुणी विचारलेलं नसतं. ‘चोवीस तास गरम पाणी’ म्हणजे सोलर. जुलैतही सोलरच. ‘किचन उपलब्ध’ म्हणजे दोन शेगड्या, एक कढई, चार कप आणि अकरा बश्या. कुकर असतो, पण त्याची शिट्टी आधीच्या बिऱ्हाडानं नेलेली असते. तेव्हा कुकर घरचाच न्यावा आणि निघताना शिट्टी मोजून घ्यावी. गाळणीही न्यावी. आम्ही पहिल्या दिवशीचा चहा ताईच्या ओढणीतून गाळला, आणि तो चारही मुक्कामांतला सर्वांत चांगला चहा होता हे कबूल करायला ताई अजून तयार नाही.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘लेक-फेसिंग’. मी मालकांना स्पष्ट विचारलं होतं, “बंगल्यातून लेक दिसतो का?” ते म्हणाले, “साहेब, बंगल्याचं तोंडच लेककडे आहे.” यात तसूभर खोटं नव्हतं. बंगल्याचं तोंड लेककडेच होतं. मधे सिल्व्हर ओकची रांग, एक तीनमजली हॉटेल आणि त्या हॉटेलची पाण्याची टाकी होती, पण त्याला बंगला काय करणार? लेक दिसतो तो फक्त मागच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून, तेही बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. हा शोध भावोजींचा. बादली निळी, प्लॅस्टिकची, कडेला तडा गेलेली. डावा पाय तड्यापासून दूर ठेवायचा, उजव्या हातानं नळ धरायचा, आणि मान तिरकी केली की वहीच्या पानाएवढं पाणी दिसतं. सकाळी सातला न्हाणीघरापुढे रांग लागायची आणि आतल्या माणसाला बाहेरून विचारलं जायचं, “आंघोळ करतोयस की बघतोयस?”

पहिला मुक्काम आम्ही जुलैत ठेवला. ही चूक इंग्रजांनी केली नव्हती. सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरनं इथे वसाहत उभारली, म्हणून गावाचं एक नाव माल्कम पेठ. पुढचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत मुंबईला राहत. संस्थान, सैन्य, तिजोरी सगळं हाताशी असताना ज्या माणसानं इथला पाऊस टाळला, त्याच्याकडून आपण काही शिकायला हवं होतं. पूर्वी इथली हॉटेलंही पावसाळ्यात कुलूप लावून बसत. आता त्याच पावसाला ‘मान्सून पॅकेज’ म्हणतात.

पावसाचा आकडा पाहून घ्यावा, म्हणजे बॅग भरताना गैरसमज राहत नाही. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. २०२१च्या जुलैत तर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसातून जेमतेम महिनाभराचा वजा केला तर उरेल तेवढा, एका दिवसात. पूर्वी इथली घरं पावसाआधी गवताच्या झडींनी मढवून ठेवत. हल्ली प्लॅस्टिकचे कागद आणि पत्रे लावतात. आमच्या बंगल्याला मालकांनी निळं प्लॅस्टिक लावलं होतं. रात्रभर ते असं फडफडायचं की भावोजींना आपण गलबतावर आहोत असं वाटे.

अशा वेळी काय करावं? प्रथम कपड्यांची आशा सोडावी. धुतलेला टॉवेल चौथ्या दिवशीही धुतलेलाच असतो. मोजे तव्यावर, बनियन इस्त्रीनं आणि अगदीच नड असेल तर फ्रिजच्या मागे वाळवावेत. मीठ बरणीत ठेवू नये, ते पाणी होतं. सरळ वाटीत ओतून चमच्यानं वाढावं. काडेपेटीच्या काड्या नुसत्या गुल झिजवतात, तेव्हा लायटर न्यावा. चामड्याचा पट्टा कपाटात टांगू नये. मी टांगला, तिसऱ्या दिवशी त्याला हिरवट लव फुटली होती. पापड तळला की ताटात येईपर्यंत त्याची पोळी होते. धुकं खिडकीतून आत येतं, दिवाणखान्यात बसतं आणि ‘कोण आहे’ म्हटलं तर उत्तर देत नाही. एकदा मी पाच मिनिटं आत्याशी बोलत होतो. ती स्वयंपाकघरात होती, खुर्चीत रजई होती.

पॉइंट पाहण्याची पावसाळी पद्धत मात्र फार सोपी आणि किफायतशीर आहे. आर्थर सीट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट हे जुलैत अगदी एकसारखे दिसतात: एक कठडा आणि त्यापुढे पांढरं. म्हणून एकच पॉइंट नीट पाहावा आणि बाकीचे त्यावरून समजून घ्यावेत. पेट्रोल वाचतं. आम्हाला गाइड मिळाला होता. त्यानं पांढऱ्यात हात करून सांगितलं, “हे सावित्रीचं खोरं, तिकडे कोकण, आणि आज ढग नसते तर…” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या तर म्हणाली, “किती खोल आहे बाई!”

छपराला गळती असेल तर रागावू नये, भूगोल शिकवावा. आमच्याकडे दोन ठिकाणी गळत होतं. हे पाणी पश्चिमेला, अगदी जवळच्या अरबी समुद्रातून उठलं. घाट चढलं, आमच्या कौलांतून पातेल्यात पडलं. तिथून मोरी, वेण्णा, माहुली, कृष्णा. मग कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र हिंडून ते बंगालच्या उपसागरात जाणार. म्हणजे ज्या समुद्राचं, त्याला परत नाहीच. भावोजी म्हणाले, “आमच्या बँकेत कर्जाची फाइल अशीच फिरायची.” याच डोंगरावरचं सावित्रीचं पाणी तेवढं शहाणं, आल्या वाटेनं पश्चिमेला उतरतं.

दुसरा मुक्काम दिवाळीचा, म्हणजे शुद्ध सीझन. घाऊक भाव इथे खर्ची पडला. मालक अतिशय नम्रपणे म्हणाले, “ऑफर आहेच की साहेब, पण सीझनला लागू नाही.” पाचगणी ते महाबळेश्वर अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे. सीझनमध्ये हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. आम्ही ते फराळात मोजलं. भिलारपर्यंत चकल्या संपल्या. भिलार हे पुस्तकांचं गाव, २०१७पासून तिथे घराघरांत वाचायला पुस्तकं ठेवलेली आहेत, आणि रांगेतून उतरून एखादी कादंबरी संपवून माणूस परत गाडीत बसू शकला असता. भावोजींनी तसं सुचवलंही. ताईनं दाराला चाइल्ड लॉक लावलं.

सीझनमध्ये लेकवर होडीत बसायचं असेल तर त्याचं शास्त्र असं: रांगेत नेहमी घरातलं सर्वांत वयस्कर माणूस उभं करावं. लोक त्यांना पुढे सोडत नाहीत, पण त्यांच्याशी बोलतात, आणि परत येईपर्यंत त्यांनी दोन स्थळं आणली असतात. घोड्यावर बसायचं तर घोड्याचं नाव विचारू नये. ते कुठल्या ना कुठल्या सिनेनटाचं असतं, आणि मग मुलं उतरत नाहीत. उरलेला फराळ गॅलरीत ठेवू नये. माकडं शंकरपाळ्यांचा डबा झाकण फिरवून उघडतात. माझ्या देखत एकानं शंकरपाळी चाखली, परत ठेवली आणि करंजी घेतली. सौ. दोन दिवस माकडाशी बोलली नाही.

हिवाळी मुक्कामाचा मुख्य कार्यक्रम हिमकण हा आहे. डिसेंबर-जानेवारीत एका सकाळी पेपरात बातमी येते की वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले. मग अर्धा महाराष्ट्र स्वेटर घालून पहाटे पाचला लेकवर हजर होतो. इथे थोडं विज्ञान माहीत हवं, नाहीतर नुसती सर्दी होते. गावात पारा दहाच्या आसपास असतानाही लेकजवळच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात तो शून्याजवळ उतरतो, कारण थंड हवा जड, ती उतारावरून येऊन खळग्यात साठते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर उघड्यावरचा पत्रा रात्रभरात उष्णता टाकत हवेपेक्षाही गार होतो, आणि दव त्यावरच गोठतं. म्हणून गाडी झाडाखाली लावू नये, फांद्या ही उष्णता अडवतात. उघड्यावर, लेकच्या बाजूला, रात्रीच लावून ठेवावी. आम्ही लावली. सकाळी टपावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर होता. आत्यानं वाटी आणली होती. चमच्यानं खरवडून तिनं अर्धी वाटी काश्मीर गोळा केलं आणि आम्हा सगळ्यांना तीर्थासारखं तळहातावर दिलं. त्याला पॉलिशची चव होती. फोटो पाठवताना ‘मिनी काश्मीर’ लिहू नये; ती पदवी पलीकडे कोयनेच्या पाण्याकाठच्या तापोळ्याला कधीच दिलेली आहे.

स्ट्रॉबेरीही याच दिवसांत. २०१०पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे भाव विचारताना आवाज थोडा खाली ठेवावा. शेतावर गेलात तर जातींची नावं ऐकून दचकू नये. ‘विंटर डॉन’ हा कुणी भाई नाही, ‘स्वीट चार्ली’ त्याचा हस्तक नाही; दोन्ही लावणीतले वाण आहेत. खोक्याच्या वरच्या थरातली फळं पाहुण्यांना आणि खालच्या थरातली घरच्यांना, हा नियम सर्वत्र पाळला जातो. या मातीत परक्या माणसांनी मळे फुलवण्याची परंपरा जुनी आहे बरं का. कंपनी सरकारच्या काळात इथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. त्यांनी पिकवलेली भाजी साहेबांच्या टेबलावर जाई. त्यांची आठवण म्हणून चायनामन नावाचा धबधबा अजून वाहतो.

राहता राहिला उन्हाळा. तो मार्चमध्ये येतो, आणि त्या वेळी मुलांच्या परीक्षा असल्यामुळे मराठी माणसाला तो दिसत नाही. मे महिना म्हणाल तर तो उन्हाळा नव्हे, तो सीझन. मार्चमध्ये मी, भावोजी आणि आत्या, तिघंच गेलो. रस्ता मोकळा, होडी रिकामी, पॉइंटवरून खरंच कोकण दिसत होतं. गाइड तोच होता, त्याला ते दाखवताना जरा अवघडल्यासारखं झालं. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात आत्यानं गोमुखाखाली तांब्या धरला आणि पुजाऱ्याला विचारलं, यातलं वेण्णेचं पाणी कुठलं. त्यानं दाखवलं. तिनं खरंच तेवढंच वेगळं भरून घेतलं.

संध्याकाळी बंगल्यावर आलो. न्हाणीघरात तडा गेलेली निळी बादली नव्हती. झरोक्याखाली सिमेंटमध्ये पक्कं बसवलेलं लोखंडी स्टूल होतं, धरायला भिंतीत दांडी होती, आणि झरोक्याची काच पुसलेली होती. बाहेर पाटीवर ‘लेक-फेसिंग’च्या जागी ‘लेक-व्ह्यू’ रंगवलं होतं. मालकांनी पुढच्या वर्षीचा दर सांगितला तेव्हा भावोजींनी पाचशे कशाचे वाढले ते विचारलं नाही. ते आत जाऊन स्टुलावर उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.