दातेरी सुरी आणि नाना

खानदेशात प्रत्येक गल्लीला एक नाना असतो. भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात नाहीतर धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात उभी हयात काढून तो निवृत्त झालेला असतो. पेन्शन वेळेवर येते, पण हात स्वस्थ बसत नाही. पैसे मोजून बाहेरून काम करून घेणं म्हणजे त्याला स्वतःचा जाहीर पराभव वाटतो. कुकरची शिट्टी, नळाचा वायसर, मिक्सरचं कपलर ही खाती गल्लीनं आपण होऊन त्याच्याकडे सोपवलेली असतात.

आमच्या जळगावच्या नानांकडे पुण्याहून सुनेनं दातेरी सुरी आणली. खरं तर त्या स्वयंपाकघरात सुरीला कामच नव्हतं. भरिताचं वांगं भाजून कुटायचं, कळण्याची भाकरी हातानं मोडायची, कांदा बुक्कीनं फोडायचा. केळ्याचा तर प्रश्नच नाही. राहता राहिला टोमॅटो. तो मुकाट कापला जात होता तोवर नानांनी सुरीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. एके दिवशी टोमॅटो चिरण्याऐवजी चेंगरला आणि नानांचा चेहरा उजळला.

"सायकलवाला धारवाला येतो, त्याले देऊन टाका," काकू म्हणाल्या.

"त्यानं चाकावर धरली की दाते साफ! मग ती सुरी राहील की पट्टी?"

यात नानांचं चुकत नव्हतं. सपाट चाकावर आधी दात्यांची टोकंच झिजतात आणि जिची खरी गरज असते ती खाचेतली धार तशीच बोथट राहते. नाना भिंग घेऊन उन्हात ओट्यावर बसले. निदान झालं : खाचा एकाच अंगाला आहेत, दुसरं अंग सपाट आहे, तेव्हा घासायचं ते खाचांच्याच अंगानं.

निदान झालं की नानांना विरोधक लागतो. तो धुळ्याला असतो. व्याह्यांना फोन गेला. व्याही म्हणाले, "तिधारी कानस मारा, आम्ही करवतीला तीच मारतो." नाना म्हणाले, "करवतीचा दाता कोनाचा, सुरीची खाच गोल. कानस मारली की गोलाचा कोन होईल." फोनवर मिटण्यातला हा वाद नव्हता. दुसऱ्या दिवशी एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनं व्याही स्वतः एसटीनं हजर झाले. पिशवीत शेव, आणि शेवेखाली कानस.

गोल खाचेला गोल हत्यार हवं, एवढ्यावर दोघांचं कसंबसं जमलं. जळगावात कुठल्याही अडचणीवर पहिला उतारा ठिबकच्या नळीचा. नानांनी सोळा मिलिमीटरची नळी घेऊन तिच्यावर वॉटर पेपर गुंडाळला. नळी खाचेत उतरेचना, नुसती दात्यांच्या टोकांवर घासू लागली. मग नातवाच्या कंपासपेटीतली पेन्सिल जप्त झाली. तिच्यावर चारशे नंबरचा पेपर गुंडाळला आणि ती खाचेत अशी बसली की व्याह्यांनीही मान डोलावली.

त्यापुढचं काम बघण्यासारखं होतं. नानांनी खाचांच्या उतारावर काळा मार्कर फिरवला. शाई जाईल तिथं घासलं जातंय, राहील तिथं हात चुकतोय. पातं पाटाच्या कडेवर टेकवलं, पेन्सिल त्याच उताराला धरली आणि एका खाचेत धारेकडून मागे पाठीकडे मोजके हात मारले. मग सपाट अंगावरून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेनं हलकेच सरकवला. तिथं घासून वळलेल्या धातूची बारीक कूस लागली की ती खाच झाली. मग पुढची. कूस लागली नाही तर पुन्हा तीच.

"अहो, कसाले त्या सुरीना मांगे लागेल शेतस?" काकूंनी तिसऱ्या चहाबरोबर विचारलं.

"तुले काय समजस यामा?" नानांनी मान वर न करता उत्तर दिलं. व्याही विरोधी पक्षात असूनही या मुद्द्यावर सरकारच्या बाजूनं होते.

शेवटी हजार नंबरचा पेपर काचेवर ठेवून सुरीचं सपाट अंग त्यावर पूर्ण आडवं टेकवलं आणि हलक्या हातानं ओढलं. कूस निघाली. संध्याकाळी टोमॅटो आणवले. पहिली चकती इतकी पातळ निघाली की तिच्यातून नानांना व्याही दिसले. त्या आनंदात सगळे टोमॅटो चिरले गेले आणि रात्री आम्हा शेजाऱ्यांच्या घरीसुद्धा कोशिंबीर पोचली.

गल्ली नानांना हसते. पण ज्या गुणांना आपण चिकटपणा, संशय आणि रिकामटेकडेपणा म्हणतो, नेमकं तेच या पात्याला लागतं. नगावर पैसे घेणाऱ्या धारवाल्याला खाच-खाच घासत बसणं परवडत नाही, म्हणून अशा सुऱ्या बोथट झाल्या की बहुतेक घरांतून भंगारात जातात. तेव्हा तुमच्याकडची टाकू नका, गल्लीतल्या नानांना द्या. फक्त "झालं का?" असं विचारायला जाऊ नका. विचारलंत, तर पहिल्या खाचेपासून सगळं ऐकावं लागेल, आणि तोवर चहा तुमच्या घरून द्यावा लागेल.