झीलकऱ्याची बिदागी

शाहीर पुढे उभा राहून इतिहास गातो, डफवाला त्या इतिहासाला घोड्यांच्या टापा पुरवतो, आणि उरलेल्या जागेत जो तुणतुणे घेऊन उभा असतो तो झीलकरी, म्हणजे प्रस्तुत लेखक. तळाशी कातडे मढवलेला लाकडी नळा, त्याच्या अंगाला ठोकलेली दांडी आणि दांडीवरच्या खुंटीला पिळलेली एकुलती एक तार, एवढाच आमच्या वाद्याचा संसार असल्यामुळे सतारियांना चुकण्यासाठी जे वैपुल्य लाभते ते आम्हांस लाभत नाही. शाहिराला स्वर पुरवावा आणि कडव्याअखेर ‘जी जी’ म्हणून त्याला संमती द्यावी, एवढ्यात आमचे कर्तव्य संपते.

ही संमती पुढे अंगवळणी पडते. वाईजवळच्या एका गावी लोककला-महोत्सवास आम्ही गेलो, तेव्हा चिटणिसांनी ‘आपला पोवाडा चारला’ असे सांगताच मी मागून ‘जी’ म्हणालो. ‘गोंधळ्यांना रात्री दुसऱ्या गावी उभे राहायचे आहे, तेव्हा आपण सहाला’ या दुरुस्तीलाही ‘जी’ म्हणालो. आणि ‘वाघ्या-मुरळीचा मान आधी’ ही तिसरी तजवीज ऐकून शाहिरांनी जळजळीत दृष्टीने वळून पाहिले, तोवर माझी झील देऊन झाली होती.

दरम्यान हवा दमट होऊन डफाचे कातडे सैल पडले. ते शेकण्यास भज्यांच्या चुलीखेरीज अन्य अग्नी उपलब्ध नव्हता. परिणामी डफवाला कातडे आणि भूक या दोहोंचा बंदोबस्त एकाच वेळी करीत तेथेच रमला.

अखेर अध्यक्ष उठले. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहाचे त्यांनी कसून अध्ययन केले होते, आणि त्यातील एकही पान श्रोत्यांपासून लपवून ठेवण्याची त्यांची इच्छा नव्हती. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची भेट त्यांनी इतक्या तपशिलाने वर्णिली, की अफझलखानाचा वध भाषणातच उरकला गेला आणि आमच्या वाट्यास आयता मेलेला खान आला. त्याला पुन्हा जिवंत करून, फौजेसह वाईत आणून, शामियान्यापर्यंत चढवून पुनश्च मारण्याचे दुर्घट कार्य आमच्या शाहिरांनी अशा तडफेने पार पाडले, की पेंगलेली पोरेही उठून बसली.

मग खजिनदारांनी दप्तर उघडले. वीस रुपयांवरील पावतीस तेव्हा एक आण्याचे तिकीट लावावे लागे, हे कलम त्यांना मुखोद्गत असल्याने तिघांत मिळून बरोबर वीस रुपये मंजूर झाले होते. त्यांची वाटणी तारांच्या प्रमाणात करावी असे मी सुचवले, कारण डफास तार नसते. परंतु शाहिरांस गळ्यात तार असल्याचा दावा त्यांनी स्वतःच केला. अज्ञानदासास याच वधाच्या पोवाड्याबद्दल शेरभर सोन्याचा तोडा आणि घोडा मिळाल्याचे सांगतात, ही नजीरही त्यांनी खजिनदारांपुढे ठेवली. तेव्हा ‘त्या काळी हिशेबतपासनीस नव्हते,’ असे उत्तर मिळाले आणि त्यालाही, शिरस्त्याप्रमाणे, ‘जी’ माझाच होता.

अज्ञानदासाच्या मागे तुणतुणे घेऊन कोण उभा होता आणि त्यास काय मिळाले, याविषयी मात्र कोणी काही सांगत नाही. माझा तर्क असा आहे, की घोड्याला चारा घालण्याची कामगिरी कोणावर सोपवावी असा प्रश्न जेव्हा निघाला, तेव्हा तो गृहस्थ सवयीने ‘जी’ म्हणाला असावा.